बॉम्ब नव्हताच, तरी एक बाई जखमी झाल्या: दहशतवादाची जोखीम मोजताना

नाशिकरोडच्या एका महाविद्यालयात संरक्षणशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. देशाला असलेली दहशतवादाची जोखीम नेमकी मोजतात कशी? रस्त्यावर वर्षाला दीड लाखाच्या वर माणसं मरतात, मग एवढा पैसा आणि बंदोबस्त याच गोष्टीवर का? आणि तिसरं, पुढच्या सिंहस्थात सत्तरीच्या आईला रामकुंडावर न्यावं की नको? पहिल्या दोन प्रश्नांवर ग्रंथ आहेत. तिसरा मला जास्त अवघड वाटला, म्हणून तो शेवटी घेतो.

मी बॉम्ब शोधक व नाशक पथकात बरीच वर्षं काढली. निवृत्तीनंतर मंगल कार्यालयं, दवाखाने, देवस्थानं यांची सुरक्षा तपासणी करून देतो. त्यामुळे उत्तर पुस्तकी कमी आणि बंदोबस्ती जास्त होणार, हे आधीच सांगतो.

एका बसस्थानकावरची दुपार सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. फलाटावर खताच्या गोणीची शिवलेली पिशवी बेवारस पडलेली. फोन आला, आम्ही निघालो. पोचलो तर पिशवीभोवती दोनेकशे माणसं गोल करून उभी, पुढची मोबाइल वर धरून. बॉम्ब असेल म्हणून माणूस लांब पळतो हा समज चुकीचा आहे. आधी तो बघायला जवळ येतो. आम्ही लोकांना मागे सारलं, दोरी बांधली. श्वान फिरवलं, त्याने काही दाखवलं नाही. पिशवी उघडली. आत द्राक्षछाटणीची कात्री, फडक्यात भाकरी आणि दुरुस्तीला आणलेलं भिंतीवरचं घड्याळ. मालक समोरच्या टपरीवर चहा पीत होता आणि गर्दी कशाची म्हणून मान उंचावून बघत होता.

सगळे हसले. पण पिशवी उघडण्याच्या पाचेक मिनिटं आधी मागे एका एसटीचा टायर फुटला होता. गर्दी एका दमात उलटी फिरली आणि आमच्या दोरीवर आदळली. कारण दोरी आम्ही बांधली होती ती नेमकी बाहेर जायच्या वाटेवर. एक म्हाताऱ्या बाई खाली पडल्या, मनगट मोडलं. बॉम्ब शून्य, जखमी एक, आणि ती जखम पूर्णपणे आमच्या पथकाच्या खात्यावर. मी त्या दिवशी तिथला प्रमुख होतो. अहवालात दोरीचा उल्लेख केला नाही, हेही कबूल करतो.

आता मोजमाप. आपण बोलताना धोका आणि जोखीम हे शब्द एकच समजून वापरतो. या धंद्यात ते वेगळे ठेवावे लागतात. कोणाला काही करायचं आहे आणि त्याच्याकडे ते करण्याची कुवत आहे, हा धोका. त्याने प्रयत्न केला तर तो साधण्याची शक्यता किती, म्हणजे आपण किती उघडे आहोत, हा दुसरा भाग. आणि साधलं तर नुकसान किती, हा तिसरा. तिन्हींचा गुणाकार म्हणजे जोखीम. अमेरिकेने 11 सप्टेंबर 2001 नंतर शहरांना पैसे वाटताना याच गुणाकाराचा आधार घेतला.

सूत्र सुटसुटीत आहे, आणि तीच त्याची गोम आहे. पूर मोजताना गोदावरीला आपला पूररेषेचा नकाशा दाखवला तर ती वाट बदलत नाही. दहशतवादी बदलतो. 11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्ब फुटले, मग स्थानकांवर डीएफएमडीच्या, म्हणजे धातू ओळखणाऱ्या दारांच्या, चौकटी उभ्या राहिल्या. 26 नोव्हेंबर 2008 ला दहा माणसं बंदुका घेऊन समुद्रातून आली, त्यांतली काही स्थानकातही शिरली. चौकट वाजो न वाजो, तिच्या बाजूला बहुतेक लाठीवालाच शिपाई होता. एक दार बंद केलं की त्याच्या शेजारच्या दाराचा उघडेपणा आपोआप वाढतो. म्हणून हे तीन आकडे एकमेकांपासून सुटे नसतात आणि गुणाकार करून आलेला आकडा दोन महिन्यांत शिळा होतो.

दुसरी गोम यादीत आहे. अमेरिकेने देशभरातल्या महत्त्वाच्या ठिकाणांची यादी केली. 2006 साली त्यांच्याच गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे अंतर्गत तपासणी अधिकाऱ्यांनी, ती तपासली तेव्हा तीत 77,069 नोंदी निघाल्या, आणि सगळ्यात जास्त नोंदी होत्या इंडियाना राज्याच्या, 8,591. न्यूयॉर्कपेक्षा जास्त. यादीत मक्याच्या लाह्यांचा कारखाना होता, मुलांना शेळ्या-मेंढ्या दाखवायचं प्राणिसंग्रहालय होतं. कारण उघड आहे. यादीवर पैसा मिळणार म्हटल्यावर जो तो आपल्या आळीतली विहीरही राष्ट्रीय महत्त्वाची ठरवतो. आपल्याकडेही जिल्ह्याच्या बैठकीत हेच चालतं, फक्त आकडा लहान असतो.

नाशिकची यादी करायला बसलात तर पहिल्यांदा सगळे नोटांचा छापखाना सांगतील. बरोबर, लक्ष्य म्हणून नाव मोठं आहे. पण हानीच्या रकान्यात काय लिहाल? नोटा नाशिकशिवाय देवास, म्हैसूर आणि सालबोनीलाही छापतात. एक ठिकाण काही आठवडे थांबलं तर ताण येईल, देश थांबणार नाही. शेजारच्या प्रतिभूती मुद्रणालयात पासपोर्टच्या पुस्तिका छापतात. त्याला पटकन पर्याय उभा करणं जास्त कठीण, पण त्याचं नाव बैठकीत उशिरा निघतं. ओझरचा विमान कारखाना, देवळालीचं तोफखाना केंद्र, एकलहऱ्याचं वीज केंद्र यांना स्वतःचे पहारे आहेत. मला काळजी वाटते ती ज्या ठिकाणांना पहारा नाही आणि पर्यायही नाही त्यांची. 21 एप्रिल 2021 ला इथल्या महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण गेले. तो अपघात होता. पण एका टाकीवर, एका नळीवर इतके जीव लटकलेले असतील तर ती नळी अपघाताने निसटली की कोणी निसटवली, यानं खाटेवरच्या माणसाला फरक पडत नाही. दुसरी जोडणी तयार ठेवण्याचा खर्च अपघातालाही उपयोगी आणि घातपातालाही. म्हणून माझा कल कायम हानी कमी करण्याकडे. धोका आपल्या हातात फारसा नसतो. तो कमी करायचं काम गुप्तवार्तावाले, परराष्ट्र खातं आणि सैन्य यांचं. उघडेपणा थोडा आपल्या हातात. हानी मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात असते, आणि तिच्यावरच सर्वात कमी पैसा जातो. तिथे फीत कापायला काही नसतं ना.

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं की त्यांचं बरोबर आहे. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. दहशतवादाचे बळी याच्या आसपासही नाहीत. रुपयामागे किती जीव वाचले एवढंच बघायचं असेल तर हेल्मेट आणि द्वारका चौकातली वाहतूक शिस्त कधीही जिंकेल.

उरलेलं अर्धं उत्तर हानीच्या रकान्यात आहे. अपघातांचा आकडा दरवर्षी साधारण तेवढाच राहतो. दहशतवाद वर्षानुवर्षं गप्प असतो आणि मग 12 मार्च 1993 ची दुपार येते. दोन-अडीच तासांत बारा स्फोट, 257 मृत्यू. सरासरी काढून ही गोष्ट समजत नाही. शिवाय मृतांची संख्या हा हानीचा पहिलाच हप्ता असतो. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 जण मारले गेले. 7 मे ला ऑपरेशन सिंदूर झालं, आणि 10 मे ला गोळीबार थांबेपर्यंत अण्वस्त्रं असलेले दोन देश एकमेकांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडत होते. रस्त्यावरचे 26 मृत्यू असं काही करत नाहीत. आणि दंगल? ती तर कोणाला तरी हवीच असते. बॉम्ब ठेवणाऱ्याचा खरा हिशेब स्फोटाचा नसतो, स्फोटानंतर आपण काय करू याचा असतो.

इथे मालेगाव आलंच पाहिजे, तो आपल्याच जिल्ह्याचा भाग आहे. 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार, शब-ए-बरात. बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट, तीसहून जास्त मृत्यू. मग 29 सप्टेंबर 2008, भिक्कू चौक, सहा मृत्यू. पहिल्या खटल्यात आधी पकडलेल्यांना पाच वर्षांनी, 2011 मध्ये जामीन मिळाला आणि 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. दुसऱ्या खटल्यातले सातही आरोपी 31 जुलै 2025 ला पुराव्याअभावी निर्दोष सुटले. याचं राजकारण ज्याला करायचं तो करो. मी फक्त जोखीम मोजणारा म्हणून बघतो. स्फोट होऊन इतकी वर्षं झाली आणि ते कोणी केले हे न्यायालयात सिद्ध झालेलं नाही, म्हणजे माझ्या सूत्रातला पहिला रकाना, धोका, या जिल्ह्यापुरता कोराच आहे. तिथे मी जे लिहीन तो अंदाज. आणि अंदाज करताना माणूस आपल्या डोक्यातलं चित्र भरतो: अमक्या वस्तीतला, अमक्या दाढीचा, अमक्या गंधाचा. मालेगावात ज्यांची माणसं गेली त्यांना यातून काय मिळालं, हे मी लिहायला नको.

याचा एक कोरडा, हिशेबी तोटाही आहे. देशाची गुप्तवार्ता दिल्लीत तयार होते असं टीव्हीवर वाटतं. प्रत्यक्षात पोलीस हा राज्याचा विषय, आणि माहिती खालून वर जाते. दिल्लीत 2001 पासून मल्टी एजन्सी सेंटर, म्हणजे सगळ्या यंत्रणांची गुप्तवार्ता एकत्र करायचं केंद्र आहे, 26/11 नंतर माहिती एकमेकांना देणं तिथे सक्तीचं झालं, एनआयए ही राष्ट्रीय तपास यंत्रणा उभी राहिली, मुंबईत एनएसजीचा, म्हणजे केंद्राच्या कमांडो दलाचा, तळ आला. सगळं चांगलं. पण त्या केंद्रात पोचणारा कागद कोणाच्या तरी ठाण्यातल्या गोपनीय शाखेच्या हवालदाराने लिहिलेला असतो, आणि त्याला ती गोष्ट पानवाल्याने, घरमालकाने किंवा मशिदीच्या ट्रस्टीने सांगितलेली असते. एकदा चुकीचा माणूस आत टाकला की ती गल्ली दहा वर्षं गप्प बसते. हा उघडेपणा कुठल्याच तक्त्यात येत नाही.

इशाऱ्यांबद्दल थोडं, कारण 15 ऑगस्ट आला की आपण सगळेच 'हाय अलर्ट' वाचतो. ब्रिटनमध्ये धोक्याच्या पाच पातळ्या आहेत, 2006 पासून त्या लोकांना जाहीर केल्या जातात. अमेरिकेने 2002 मध्ये पाच रंगांची पट्टी आणली आणि 2011 मध्ये गुंडाळली. आज पिवळा म्हणून नेमकं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. माझा नियम साधा आहे. पातळी वाढली तर गेटवरचा रखवालदार आज काय वेगळं करणार हे एका ओळीत सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर तो अलर्ट नाही, कागद आहे. आणि वाढवलेली पातळी उतरवायची कधी हेही आधीच ठरलेलं हवं. मुंबईच्या ताजला हल्ल्याआधी इशारा मिळाला होता आणि त्यांनी काही बंदोबस्तही केला होता, हे रतन टाटांनीच नंतर सांगितलं. महिनोन्‌महिने ताणून ठेवलेला बंदोबस्त सैल पडतोच. माणसं आहेत ती.

विमेवाल्यांचं मोजमाप वेगळं आणि जास्त प्रामाणिक, पैसा त्यांचा जातो म्हणून. 2001 नंतर परदेशी पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्यांनी, दहशतवादावरून हात काढला, तेव्हा एप्रिल 2002 मध्ये भारतीय विमा कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतंत्र निधी उभारला. सातपूर-अंबडच्या कारखानदारांनी आपल्या पॉलिसीत हे कलम आहे का ते एकदा बघावं. बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

आता सिंहस्थ. 27 ऑगस्ट 2003 ला दुसऱ्या शाहीस्नानाच्या वेळी सरदार चौकाच्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 माणसं गेली. बॉम्ब नव्हता, कोणाचा कट नव्हता. 29 जानेवारी 2025 ला प्रयागराजला संगमावर तेच झालं, सरकारी आकड्यानेच त्या दिवशी 30 गेले. म्हणून 2027 च्या तयारीच्या कुठल्याही बैठकीत कोणी 'घातपाताची शक्यता' म्हटलं की मी टायर फुटलेल्या एसटीची गोष्ट सांगतो. ज्याला सिंहस्थात हानी करायची आहे त्याला मोठ्या स्फोटाची गरज नाही. एक आवाज, एक ओरड, मोबाइलवर फिरणारी एक खोटी क्लिप पुरे. बाकीचं काम उतार करतो. म्हणजे घातपात आणि चेंगराचेंगरी हे दोन वेगळे विभाग, दोन वेगळ्या फायली नाहीत. एकाच फायलीत हवेत, आणि ती फाइल गर्दीच्या बाजूने उघडायला हवी.

2015 ला आपण उलट चूक केली. पहिल्या पर्वणीला, म्हणजे शाहीस्नानाच्या दिवशी, इतक्या लांबून रस्ते बंद केले की भाविक पोचेचनात, गावातले लोकही घरात बसले, दुकानदार ओरडले. पुढच्या पर्वणीला बंदोबस्त सैल करावा लागला. तेव्हा मीही बॅरिकेड वाढवा म्हणणाऱ्यांपैकीच होतो. बॅरिकेड म्हणजे सुरक्षा असं वाटायचं. माझी दोरी विसरलो होतो.

आता चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांचा आग्रह आहे. विरोध नाही माझा, पण एक गणित पेन्सिलीने करून बघा. समजा दिवसाला पाच लाख लोक एका बाजूने येतात, त्यांत वीस जण खरोखर पाहिजे असलेले. कॅमेरा शंभरात नव्याण्णव वेळा अचूक आहे असं धरू. तो ते वीसही पकडेल. पण उरलेल्यांतल्या एक टक्क्यालाही चुकून पकडेल, म्हणजे जवळपास पाच हजार माणसं. त्या पाच हजारांना बाजूला घ्यायला जागा कुठे, शिपाई किती, आणि त्यांच्यामागे थांबलेली रांग कुठल्या उतारावर उभी राहणार? कॅमेरा घ्या, पण मला विचाराल तर पहिल्यांदा तो माणसं किती दाटली आहेत हे मोजायला लावा. तिथे पाच-दहा टक्के चूक चालते. श्वानांचंही तसंच. श्वान अर्धा-पाऊण तास मन लावून हुंगतं, मग त्याला सावली आणि पाणी लागतं. वेळापत्रकात ती विश्रांती धरली नाही तर दुपारी दोनला तुमच्याकडे फक्त साखळीला बांधलेलं लॅब्राडोर असतं.

आणि माईक. 26/11 च्या रात्री सीएसएमटीवर, तेव्हाच्या सीएसटीवर, उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमध्ये होते. गोळीबार लक्षात आल्यावर ते बाहेर पळाले नाहीत. माईकवरून प्रवाशांना मागच्या दाराने बाहेर पडा, पुढे येऊ नका, असं सांगत राहिले. किती वाचले याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. त्या रात्री एनएसजीचे जवान मानेसरच्या तळावरून निघून विमानाने मुंबईत, घटनास्थळी पोचेपर्यंत उजाडलं होतं. आता तळ मुंबईत आहे, तिथून नाशिक रस्त्याने तीन-चार तास. म्हणजे पहिला तास आपलाच. ठाण्याचा, रिक्षावाल्याचा आणि माईकवर बसलेल्याचा. तुमच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलन असेल, मंडळाचा गणपती असेल, तिथे माईकवर कोण असणार हे आधी ठरवा. त्याला दोन वाक्यं पाठ हवीत, कोणत्या दाराने निघायचं ती. 'घाबरू नका' हे वाक्य त्यात नको. ते ऐकलं की माणूस घाबरतोच.

सिंहस्थाच्या कामात मला कोणी विचारलंच तर तीनच गोष्टी मागेन. रामकुंडाकडे उतरणाऱ्या प्रत्येक रस्त्याला वर चढणारा दुसरा मोकळा रस्ता, जो कुठल्याही व्हीआयपीसाठी बंद होणार नाही. वीज गेली तरी चालणारे भोंगे, मराठी आणि हिंदीतून. आणि खरी रंगीत तालीम, म्हणजे सकाळी सात वाजता, न सांगता, ज्या शिपायाची ड्युटी आहे त्याच्यासोबत. अधिकारी, फोटोग्राफर आणि पिवळी जॅकेटं घालून आधीच आडवे झालेले स्वयंसेवक ही तालीम नव्हे.

आईंचं. पर्वणीच्या दिवशी नेऊ नका. दहशतवादामुळे नव्हे, उतारामुळे. गुरू सिंह राशीत असेपर्यंत सिंहस्थच असतो, तेव्हा पर्वणीच्या आगेमागे चार-पाच दिवस सोडून, आठवड्याच्या मधल्या वारी पहाटे न्या. आईंच्या पदराला तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी पिनने लावा, कारण गर्दीत मोबाइलचं नेटवर्क सगळ्यात आधी जातं. हरवलात तर भेटायची जागा घाटावरची नको, वर रस्त्यालगतची एखादी ओळखीची खूण ठरवा. गर्दी दाटली आणि हात छातीशी आणता येईनासे व्हायला लागले तर तेव्हाच, त्या क्षणी, स्नान न करता मागे फिरा. आई रागावतील. घरी येऊन बादलीत गोदेचं पाणी घाला.

आणि घाटावर बेवारस पिशवी दिसली तर हात लावू नका, फोटो काढू नका, 112 लावा आणि उलट्या दिशेला चालू लागा. शंभरातल्या नव्याण्णव वेळा आत भाकरीच निघते.